गोळी चालू आहे, तपासणीचं काय?

१ एप्रिल २००४ रोजी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांतलं एक. त्या सुरुवातीच्या काळात जे रुग्ण नातेवाइकांच्या आधाराने, कधी स्ट्रेचरवरून ही औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरला आले, त्यांच्यापैकी जगले-वाचले ते आज पन्नाशी-साठीत आहेत. काहींच्या घरी सुना आल्या, नातवंडं झाली. आता त्यांचं गाऱ्हाणं गुडघ्यांचं असतं, पित्ताचं असतं, साखर वाढल्याचं असतं. त्यासाठी ते चारचौघे जातात तिथंच जातात, म्हणजे गल्लीतल्या दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत.

एआरटी सेंटरच्या फेऱ्याही चालूच असतात. तिथं गोळ्या मिळतात, वजन होतं, ठरल्या वेळी व्हायरल लोड तपासला जातो. रिपोर्टवर विषाणू सापडला नाही असं आलं की रुग्ण, समुपदेशक, डॉक्टर सगळ्यांनाच हायसं वाटतं, आणि ते रास्तच आहे. पण एक विषाणू आवरला म्हणून शरीरातले बाकीचे आवरले असं होत नाही. गर्भाशयमुखात एचपीव्ही असतो, यकृतात हिपॅटायटिस बी किंवा सी असू शकतो, पांढऱ्या पेशींत एपस्टाइन-बार असतो. हे सगळे कर्करोग घडवू शकणारे विषाणू आहेत. त्यांच्यावर नियमाने लक्ष कोण ठेवतं? गर्दीतल्या एआरटी सेंटरचा दिवस एचआयव्हीतच संपतो. कर्करोग रुग्णालयाची गाठ पडते ती आजार वाढल्यावर. मधल्या सगळ्या वर्षांत रुग्णाला वारंवार पाहणारं माणूस म्हणजे पहिल्या पायरीवरचा डॉक्टर, नर्स आणि आशाताई. हे काम त्यांचंच आहे असं माझं ठाम मत आहे. ते त्यांना जमतं याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. त्याकडे येण्याआधी एचआयव्ही आणि कर्करोग यांचं नातं समजून घ्यायला हवं.

ते नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, ३ जुलैला त्याच साप्ताहिकात दुसरी नोंद छापली गेली. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या २६ समलिंगी पुरुषांना कापोसी सार्कोमा हा त्वचेवर जांभळट चट्टे उठवणारा कर्करोग झाला होता. मोरिट्झ कापोसी यांनी १८७२ मध्ये वर्णन केलेला हा आजार तोवर प्रामुख्याने म्हाताऱ्या पुरुषांत दिसे आणि वर्षानुवर्षं संथ चाले. या तरुणांत तो झपाट्याने पसरत होता. एचआयव्ही हा विषाणू अजून सापडायचा होता, पण त्याने केलेली नासधूस कर्करोगाच्या रूपात आधीच समोर आली होती.

एचआयव्ही स्वतः पेशीला कर्करोगी बनवत नाही. तो प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी मारतो, आणि शरीरात आधीपासून असलेल्या दुसऱ्या विषाणूंवरचा दाब सुटतो. एपस्टाइन-बार विषाणू जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. बहुतेकांना तो जन्मभर काही त्रास देत नाही, कारण प्रतिकारशक्ती त्याला जागेवर ठेवते. सीडी४ खाली गेले की त्याच विषाणूमुळे लिम्फोमा होऊ शकतो. कापोसी सार्कोमामागे आठव्या क्रमांकाचा मानवी हर्पिस विषाणू आहे. युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी तो १९९४ मध्ये शोधून काढला. हा विषाणू पूर्व आणि मध्य आफ्रिकेत खूप पसरलेला आहे, आपल्याकडे त्याचं प्रमाण कमी. म्हणून युगांडातला डॉक्टर एचआयव्हीच्या रुग्णाचे तळपाय आणि टाळू कापोसीसाठी पाहतो, तर आपल्या डॉक्टरला आयुष्यात असा रुग्ण क्वचितच दिसतो. आपल्याकडे लक्ष द्यायचं ते गर्भाशयमुख, यकृत आणि मानेतल्या गाठी या तीन ठिकाणी.

औषधांचा कर्करोगावर किती परिणाम होतो हे नेमकं कळायला २०१५ उजाडावं लागलं. तोपर्यंत जगभर एक प्रश्न घोळत होता: सीडी४ चांगले असताना गोळ्या सुरू करायच्या की ते घसरण्याची वाट पाहायची? ‘स्टार्ट’ नावाच्या चाचणीत ३५ देशांतल्या ४,६८५ जणांना घेतलं गेलं. सगळ्यांचे सीडी४ ५०० च्या वर होते. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना लगेच औषध दिलं, अर्ध्यांना थांबवलं. लगेच औषध घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले. कापोसी सार्कोमा लगेच औषध घेतलेल्या गटात एकाला झाला, थांबलेल्या गटात अकरा जणांना. लिम्फोमा एकीकडे तिघांना, दुसरीकडे दहा जणांना. थांबलेल्यांचेही सीडी४ सुरुवातीला उत्तम होते, तरीही हा फरक पडला. भारतात २०१७ पासून निदान झालं की सीडी४ कितीही असोत, उपचार सुरू करण्याचं धोरण आलं. तेव्हा संशयित रुग्णाला एचआयव्हीच्या चाचणीसाठी वेळेवर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, पाठवणं हीच पहिल्या पायरीवरच्या डॉक्टरने केलेली कर्करोगाविरुद्धची पहिली कारवाई ठरते. वारंवार तोंडात येणारा पांढरा थर, तरुण वयातली नागीण, कारण न सापडणारी वजनातली घट, क्षयरोग यांपैकी काहीही दिसलं तर त्या चाचणीबद्दल बोलायलाच हवं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं मात्र वेगळं आहे. गोळ्या आल्यावर कापोसी आणि लिम्फोमा जितके कमी झाले, तितका हा झाला नाही. बाईला एचपीव्हीचा संसर्ग बहुधा एचआयव्हीच्याही आधी झालेला असतो. निरोगी शरीर तो साधारण दोन वर्षांत झटकून टाकतं. एचआयव्ही असेल तर तो चिकटून राहतो. एकदा पेशींत बदल सुरू झाले की सीडी४ वर आले तरी ते बदल आपोआप पुसले जातीलच असं नाही. एचपीव्हीची दोन प्रथिनं, ई६ आणि ई७, पेशीच्या वाढीला लगाम घालणारी यंत्रणा मोडून टाकतात. हा बिघाड कर्करोगापर्यंत पोहोचायला सहसा पंधरा ते वीस वर्षं घेतो. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधित बाईत हाच काळ पाच ते दहा वर्षांवर येतो. एकूण हिशेब केला तर एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला हा कर्करोग होण्याची शक्यता इतर बायकांच्या सहापट असते.

एचपीव्हीचा हा धागा शोधणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. त्यांना पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला, आणि उरलेला अर्धा एचआयव्ही शोधणाऱ्या फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्युक माँताञिये यांना. नोबेल समितीने एकाच वर्षी गौरवलेले हे दोन विषाणू एकाच बाईच्या शरीरात असले तर काय होतं, हे वैद्यकाने मान्य करायला मात्र वेळ लावला. एड्सच्या व्याख्येत कापोसी सार्कोमा सुरुवातीपासून होता. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्यात आला १९९३ मध्ये, तोही अमेरिकेतल्या बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्यावर. व्याख्येत नाव नसेल तर आजारी बाईला एड्सच्या रुग्णांसाठीची मदत मिळत नसे. तो अन्याय होता.

आता महाराष्ट्राकडे येऊ. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून या जिल्ह्यात एक प्रचंड मोठी पाहणी हाती घेतली. रेंगास्वामी शंकरनारायणन हे तिचे प्रमुख. ५२ गावगट, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप स्मीअर, तिसऱ्याची ॲसेटिक ॲसिड लावून पाहणी, आणि चौथ्याला तेव्हा उपलब्ध होती तेवढीच सेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ जणी गेल्या, चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. त्या आकड्यांमुळे जगभरची धोरणं बदलली.

त्या चौथ्या गटाबद्दल पुढे बराच वाद झाला. तपासणीचा उपयोग होतो हे इतर देशांत ठाऊक असताना ३१ हजार स्त्रियांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असा प्रश्न वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी विचारला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या सुरेंद्र शास्त्री यांनी केलेल्या अशाच अभ्यासाबद्दलही तो विचारला गेला. भारतात तेव्हा कुणालाच तपासणी मिळत नव्हती, असं संशोधकांचं म्हणणं होतं. मला तो प्रश्न रास्त वाटतो. त्या ६४ जणींचं ऋण फेडायचं तर निदान त्यांच्यामुळे जे कळलं ते अमलात यायला हवं होतं. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

मुंबईच्या अभ्यासातून जे कळलं ते माझ्या मुद्द्यासाठी अधिक महत्त्वाचं. तिथं तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. साधारण दहावी शिकलेल्या, त्या कामाचं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या पूर्ण केल्या. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

ती तपासणी कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. टेबल, चांगला दिवा, स्पेक्युलम, कापसाचे बोळे आणि तीन ते पाच टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड. व्हिनेगर म्हणून आपण जे ओळखतो त्यातलंच आम्ल. स्पेक्युलम घातल्यावर गर्भाशयाचं तोंड गुलाबी, गोल दिसतं. वरचा स्राव बोळ्याने टिपून घेतात, मग ॲसिडमध्ये भिजवलेला बोळा तिथं हलकेच टेकवून धरतात. बाईला किंचित चुरचुरतं. मग पूर्ण एक मिनिट थांबायचं. घाईत हेच मिनिट कापलं जातं आणि तपासणी वाया जाते. बदललेल्या पेशींत प्रथिनं जास्त असतात. आम्लाने ती गोठतात आणि तो भाग पांढरा दिसू लागतो. कडा स्पष्ट असलेला, दाट पांढरा डाग, तोही आतलं आणि बाहेरचं अस्तर मिळतं त्या रेषेला लागून, म्हणजे तपासणी पॉझिटिव्ह. डाग लहान असेल, रेषा पूर्ण दिसत असेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर सुमारे १०० अंशांना तापवलेला छोटा प्रोब त्या जागी अर्ध्या मिनिटाच्या आसपास टेकवून तो जाळता येतो. भूल लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते.

एचआयव्ही असलेल्या बाईसाठी नियम थोडे कडक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार इतर स्त्रियांची तपासणी तिसाव्या वर्षी सुरू होते, तिची पंचविसाव्या. इतरांना पाच ते दहा वर्षांनी चालतं, तिला तीन ते पाच वर्षांनी. चाचणी शक्यतो एचपीव्ही डीएनएची हवी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर लगेच उपचार न करता दुसऱ्या तपासणीने खात्री करून घ्यावी, कारण या स्त्रियांत विषाणू सापडण्याचं प्रमाणच जास्त असतं. एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो. आडोसा नसलेल्या उपकेंद्रात किंवा पुरुष डॉक्टर असलेल्या दवाखान्यात ही सोय फार मोलाची आहे. एचआयव्ही असलेल्या भारतीय स्त्रियांत हे सगळं कसं चालतं हे पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने हजाराहून अधिक जणींची तपासणी करून दाखवून दिलेलं आहे.

एक धोका इथंच सांगायला हवा. कर्करोगाची भीती घालून पिशवी काढायला लावणं हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, एवढ्या तक्रारीवर ‘पुढे कॅन्सर होईल’ असं सांगून तिशीतल्या बायकांची गर्भाशयं काढली गेली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत हे २०१९ मध्ये उघडकीला आलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कर्करोग नव्हे. त्यासाठी तपासणी लागते, बहुतेकदा साध्या गोळ्या पुरतात. पेशींत खरोखर बदल सापडले तरी बहुतेक वेळा त्या डागापुरता उपचार पुरेसा असतो. एचआयव्ही असलेली बाई आधीच भेदरलेली असते, तिला असं फसवणं अधिक सोपं. तिचा विश्वासातला डॉक्टर मध्ये उभा राहिला तरच ती वाचते.

यकृताकडे येऊ. इथं एचआयव्हीची गोळीच दुहेरी काम करते. आज भारतात बहुतेक रुग्णांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर या तिन्हींची मिळून एकच गोळी रोज घ्यायची असते. त्यातली पहिली दोन औषधं हिपॅटायटिस बीच्या विषाणूलाही दाबून ठेवतात. हिपॅटायटिस बी यकृताच्या पेशीच्या डीएनएमध्ये शिरून बसतो आणि सिरोसिस नसतानाही कर्करोग घडवू शकतो. त्याचा जोर जितका कमी, तितका धोका कमी. म्हणजे ज्याला दोन्ही विषाणू आहेत त्याला एकाच गोळीत दोन्हींचा उपचार मिळतो. बऱ्याच रुग्णांना हे माहीत नसतं. फार वाईट म्हणजे, त्यांच्या जवळच्या डॉक्टरलाही कधी कधी नसतं.

म्हणून ती गोळी मध्येच थांबवणं घातक आहे. दाबलेला हिपॅटायटिस बी उसळी मारून उठतो, काविळ होते, कधी यकृतच निकामी होतं. होतं काय, की रुग्ण थकवा आला म्हणून तपासणी करून घेतो, क्रिएटिनिन जरा वाढलेलं निघतं, आणि कुणीतरी ‘एचआयव्हीच्या गोळ्या किडनीला लागल्या, बंद करा’ असा सल्ला देतं. डोल्युटेग्राविर मूत्रपिंडाला इजा न करताही क्रिएटिनिन थोडं वाढवतं, कारण ते बाहेर टाकण्याचा एक मार्ग अडवतं. टेनोफोविर मात्र काहींच्या मूत्रपिंडाला खरोखर त्रास देऊ शकतं. या दोहोंत फरक करणं एआरटी सेंटरच्या डॉक्टरचं काम. जवळच्या डॉक्टरने त्यांना फोन करावा, गोळी स्वतः बंद करू नये. आणि एचआयव्हीच्या प्रत्येक रुग्णाची हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का हे एकदा तरी विचारावं. जुने डॉक्टर तिला अजून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणतात. बोटभर पट्टीवर होणारी स्वस्त चाचणी आहे ती. निगेटिव्ह आली आणि आधी लस झालेली नसेल तर लस देता येते.

हिपॅटायटिस सीची गोष्ट आणखी दिलासा देणारी आहे. त्यावर लस नाही, पण तो पूर्ण बरा होतो. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, साधारण बारा आठवडे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे. ज्यांना सिरोसिस आधीच झालेला आहे, त्यांना विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहावं लागतं. दारू सुटली पाहिजे हे सांगणंही पहिल्या पायरीवरच्या दवाखान्यातच होऊ शकतं.

आता मानेतली गाठ. हा विषय मला सगळ्यात नाजूक वाटतो, कारण इथं चांगला, कष्टाळू डॉक्टरही चुकतो. एचआयव्हीचा रुग्ण येतो, मानेच्या बाजूला गाठ, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन उतरलेलं. आपल्या देशात याचं उत्तर बहुतेक वेळा क्षयरोग असतं. म्हणून सरळ एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू होते. महिना जातो, दोन महिने जातात. पण ताप, घाम आणि घटलेलं वजन ही तिन्ही लक्षणं लिम्फोमाचीही आहेत. हाताला क्षयाच्या गाठी पुष्कळदा एकमेकींना चिकटलेल्या, पुढे मऊ पडणाऱ्या लागतात. लिम्फोमाची गाठ खोडरबरासारखी, सुटी, दाबली तरी न दुखणारी लागते. तरी केवळ हातावर भरवसा ठेवून चालत नाही. सुई घालून घेतलेल्या नमुन्यात क्षयाचे जंतू दिसले, सीबीनॅट ही क्षयाची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर एकेटी निःशंक द्यावी. पुरावा नसताना सुरू केली असेल आणि गाठ वाढतच चालली असेल, तर बायोप्सीला पाठवण्यात दिवस घालवू नयेत. खऱ्या क्षयातही उपचाराच्या सुरुवातीला गाठ कधी कधी काही काळ फुगते, त्यामुळे ‘थोडं थांबून पाहू’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण एचआयव्हीतले बरेच लिम्फोमा झपाट्याने वाढतात आणि वेळेत केमोथेरपी मिळाली तर त्यांतले कित्येक बरे होतात. हिरड्यांतून किंवा जबड्याजवळून वेगाने वाढणारी गाठ दिसली तर तीही याच नजरेने पाहावी. तंबाखू-मिश्री लावणाऱ्या आपल्या रुग्णांत तोंडाच्या कर्करोगाचा विचार लगेच सुचतो, लिम्फोमाचा सुचत नाही.

लिम्फोमामागचा एपस्टाइन-बार विषाणू सापडला तो लांबच्या लहान रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या निरीक्षणामुळे. युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९५७ मध्ये जबडे सुजलेला एक मुलगा पाहिला. तसाच दुसरा मुलगा दुसऱ्या गावी दिसला. मग त्यांनी आफ्रिकेतल्या सरकारी आणि मिशनरी रुग्णालयांना प्रश्नावल्या पाठवल्या. १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांना घेऊन सुमारे दहा हजार मैलांचा प्रवास मोटारीने केला आणि दवाखान्या-दवाखान्यांत जाऊन विचारलं, तुमच्याकडे असं मूल येतं का? उष्ण, पावसाच्या, मलेरियाच्या पट्ट्यातच हा आजार आहे हे त्या उत्तरांतून कळलं. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांनी दिलेलं व्याख्यान अँथनी एपस्टाइन यांनी ऐकलं, बर्किट यांच्याकडून गाठींचे नमुने मागवले आणि इव्हॉन बार आणि बर्ट आचाँग यांच्यासह १९६४ मध्ये तो विषाणू जाहीर केला. माणसात कर्करोग घडवणारा पहिला ज्ञात विषाणू. त्या अनाम दवाखान्यांतल्या डॉक्टरांनी पत्रांना उत्तरं लिहिली नसती, तर हा शोध किती लांबला असता कोण जाणे.

विषाणूंवरचा ताबा टिकवण्यात रोजच्या प्रिस्क्रिप्शनचाही वाटा आहे. हाडं दुखतात म्हणून कॅल्शियम, रक्त कमी म्हणून लोह, पित्त होतं म्हणून अँटासिड, ही आपल्या दवाखान्यांतली सर्वांत जास्त लिहिली जाणारी औषधं. पोटात डोल्युटेग्राविरबरोबर पडली तर त्यातले धातू त्याला धरून ठेवतात आणि औषध रक्तात नीट उतरत नाही. डोल्युटेग्राविर यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घेतली की अडचण मिटते. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत तिच्याबरोबर घेतलेले चालतात, अँटासिड नाही. क्षयासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागते. मधुमेहाच्या रुग्णाला ती गोळी चालू असताना मेटफॉर्मिनचा डोस बेताने द्यावा लागतो, कारण रक्तात त्याचं प्रमाण वाढतं. आणि ज्यांना दुसऱ्या टप्प्याचे उपचार म्हणून रिटोनाविर असलेल्या गोळ्या आहेत, त्यांच्या गुडघ्यात ट्रायॅमसिनोलोनचं इंजेक्शन देऊ नये. ते शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, चेहरा सुजतो, साखर भडकते, रुग्ण खंगतो.

पण हे सगळं तेव्हाच शक्य आहे, जेव्हा आपल्याला कोणत्या गोळ्या चालू आहेत हे रुग्ण सांगतो. पुष्कळ जण सांगत नाहीत. स्वतःच्या तालुक्यातलं सेंटर सोडून शेजारच्या जिल्ह्यात गोळ्या आणायला जाणारे, डबीवरचं लेबल खरवडून काढणारे रुग्ण आजही आहेत. त्यांना दोष देता येत नाही. केसपेपरवर लाल शाईने लिहिणं, सगळ्यांसमोर मोठ्याने विचारणं, बाळंतपणाला किंवा दाताला हात न लावता ‘मोठ्या दवाखान्यात जा’ म्हणून वाटेला लावणं त्यांनी सोसलेलं असतं. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायद्याने असा भेदभाव करायला आणि रुग्णाची माहिती फोडायला मनाई केली आहे. कायदा आधाराला हवाच. पण दार लावून, मान खाली न घालता, ‘मधुमेहाच्या, थायरॉइडच्या, एआरटीच्या, कसल्याही रोजच्या गोळ्या चालू आहेत का?’ असं प्रत्येक रुग्णाला त्याच सुरात विचारलं की उत्तर मिळतं, असा बऱ्याच डॉक्टरांचा अनुभव आहे. प्रश्न सगळ्यांनाच असल्याने कुणीही वेगळं पडत नाही.

पुरुषांचाही मुद्दा आहे. समलिंगी संबंध असलेल्या एचआयव्हीबाधित पुरुषांत गुदद्वाराचा कर्करोग जास्त दिसतो, त्यामागेही एचपीव्हीच. तिथल्या बदललेल्या पेशींवर आधीच उपचार केले तर कर्करोग निम्म्याहून कमी होतो हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं. आपल्याकडे त्या उपचारांची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. मूळव्याध समजून महिनोन्‌महिने मलम लावत बसलेल्या रुग्णाची बोटाने तपासणी करणं मात्र कुठल्याही दवाखान्यात होऊ शकतं.

शेवटी लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही एचपीव्हीची लस २०२२ मध्ये मंजूर झाली. एका डोसनेही पुरेसं संरक्षण मिळतं का, हे ज्यातून कळलं त्या भारतातल्या मोठ्या अभ्यासात बार्शी आणि पुण्याच्या मुली होत्या. एका डोसचं संरक्षण कित्येक वर्षं टिकतं असं त्यांच्या पाठपुराव्यातून दिसल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसला मान्यता दिली. पण ही सवलत एचआयव्ही असलेल्या मुलींना लागू नाही. त्यांना किमान दोन आणि शक्यतो तीन डोस लागतात. जन्मतःच एचआयव्ही घेऊन आलेल्या, गोळ्यांवर वाढलेल्या मुली आज कॉलेजात आहेत, काही जणी लग्नाच्या आहेत. शाळेत किंवा शिबिरात लस देणाऱ्या नर्सला त्यांच्याबद्दल काही ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. एक डोस झाला की कार्डावर लसीकरण पूर्ण म्हणून नोंद होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसची तारीख लक्षात ठेवून त्या मुलीच्या आईला बाजूला बोलावून सांगायचं, हे तिचं घर ओळखणाऱ्या डॉक्टरलाच करावं लागेल.